बर्फावरची आधाररेषा : तोर्निओचा हिवाळा, १७३६-३७

उत्तर युरोपातल्या एखाद्या गावी जायचं ठरवलं, की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो असा : "उन्हाळ्यात जा, हिवाळ्यात तिथे काय आहे?" सल्ला काही चुकीचा नाही. पण आज आपण ज्या पाहुण्यांची हकीकत पाहणार आहोत, त्यांना हिवाळाच हवा होता. नदी गोठल्याशिवाय त्यांचं काम पुरंच होणार नव्हतं. आणि काम कोणतं? तर पृथ्वीचा आकार ठरवण्याचं.

गावाचं नाव तोर्निओ. बोथनियाच्या आखाताच्या अगदी उत्तर टोकाला, तोर्ने नदीच्या मुखाशी वसलेलं. आर्क्टिक वृत्त इथून उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर. आज हे गाव फिनलंडमध्ये आहे आणि नदीपलीकडे स्वीडन. १७३६ साली मात्र दोन्ही काठ स्वीडनच्या राजाचेच होते. गुस्ताव दुसरा आडोल्फ या राजाने १६२१ साली या वस्तीला शहराचा दर्जा दिला. वस्ती लाकडी घरांची, व्यापार कातडी, फर आणि सामन माशाचा. १६८६ साली बांधलेलं लाकडी चर्च आजही तिथे उभं आहे. या चर्चचा उंच कळस लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याला लागणार आहे.

आता भांडण काय होतं ते पाहू. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली आला. त्यात न्यूटनचं म्हणणं असं, की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली आणि ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे. त्याच्या आधी, १६७२ साली, रिशे नावाचा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे मागे पडतं, हे त्याला दिसलं होतं. न्यूटनला हा पुरावा आपल्या बाजूचा वाटला. पण फ्रान्समध्ये कासिनी घराण्याने देशभर मोजणी केली होती, आणि तिच्यातून नेमकं उलट निघत होतं. ज्याक कासिनींच्या मते पृथ्वी ध्रुवांकडे लांबट होती. आपल्या भाषेत सांगायचं तर न्यूटनची पृथ्वी संत्र्यासारखी आणि कासिनींची लिंबासारखी.

ठरवायचं कसं? पृथ्वीच्या बाहेर जाऊन तर बघता येत नव्हतं. मग युक्ती अशी, की एकाच रेखावृत्तावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जात राहायचं. डोक्यावरचा एखादा तारा बरोबर एक अंश सरकलेला दिसला, की तोपर्यंत जमिनीवर किती अंतर कापलं ते मोजायचं. पृथ्वीचा पृष्ठभाग जिथे जास्त वळलेला, तिथे थोडं चाललं तरी तारा एक अंश सरकतो. जिथे तो सपाट, तिथे जास्त चालावं लागतं. म्हणजे पृथ्वी ध्रुवाजवळ चपटी असेल, तर तिथला एक अंश लांब भरेल. लिंबासारखी असेल, तर आखूड. खुद्द फ्रान्समध्ये मोजून हा फरक इतका बारीक यायचा, की चुकीत बुडून जायचा. म्हणून एक तुकडी विषुववृत्ताकडे आणि एक ध्रुवाकडे पाठवावी, असं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ठरलं. पहिली तुकडी १७३५ साली पेरूकडे, म्हणजे आजच्या इक्वेडोरमधल्या कीटोकडे निघाली. दुसरी १७३६ च्या वसंतात उत्तरेकडे.

या दुसऱ्या तुकडीचे प्रमुख प्येर लुई मोपर्त्युई. वय ३८, आणि फ्रान्समध्ये राहून न्यूटनची बाजू उघडपणे मांडणारे. बरोबर क्लेरो, वय अवघं २३, पण गणितात आधीच नाव झालेलं. शिवाय काम्यू, ल मोनिए, आणि रोजनिशी लिहिणारे पाद्री उतिए. पाचवे जोडीदार स्वीडनचे, उप्सालाचे खगोलशास्त्राचे प्राध्यापक आंडर्स सेल्सिअस. होय, आपल्या तापमापकावरचे सेल्सिअस हेच. पण त्यांचा तापमापक १७४२ चा, म्हणजे ही मोहीम त्याच्या आधीची. तोर्ने नदीची जागा सुचवण्यात सेल्सिअस यांचा मोठा वाटा होता, आणि तारे मोजायचं मुख्य यंत्र लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या कारागिराकडून बनवून आणण्याची जबाबदारीही त्यांनीच घेतली होती.

जूनमध्ये मंडळी तोर्निओला पोचली. नदी जवळजवळ दक्षिणोत्तर वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना टेकड्या आहेत. दक्षिणेचं टोक म्हणून तोर्निओच्या चर्चचा तो कळस धरला, उत्तरेचं टोक पेल्लोजवळची किट्टिसवारा ही टेकडी. मधल्या आवासाक्सासारख्या टेकड्यांवर खुणा उभारायच्या आणि एकीवरून दुसरीकडे पाहत कोन मोजत जायचं. साल काढलेली झाडं शंकूसारखी उभी केली, म्हणजे ती लांबून पांढरी दिसत. स्वीडनच्या राजाने मदतीला सैनिक दिले होते. हे सैनिक याच मुलखातले. होड्या वल्हवणं, धबधब्यांमधून वाट काढणं, टेकडीच्या माथ्यावरची झाडं तोडणं, ही सगळी कामं त्यांनी केली. उन्हाळ्यात रात्र होत नाही, हे ऐकायला छान वाटतं. पण त्याबरोबर डास आणि माश्या इतक्या, की फ्रेंच मंडळी हैराण झाली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सगळी हकीकत तिच्यावर उभी आहे. त्रिकोणांची साखळी मोजताना कोन कितीही मोजा, त्यातून त्रिकोणांचा आकार कळतो, माप कळत नाही. हीच साखळी एक कोसाची असू शकते किंवा शंभर कोसांची. माप कळायला कुठल्या तरी एका त्रिकोणाची एक बाजू प्रत्यक्ष जमिनीवर, काठ्या एकापुढे एक ठेवून, मोजावी लागते. तिला आधाररेषा म्हणतात. ती एकदा मिळाली की बाकीच्या सगळ्या बाजू हिशेबाने निघतात. ती चुकली, तर सगळंच चुकतं.

आधाररेषेला जमीन लागते सपाट आणि सरळ, मैलोगणती. तोर्नेच्या खोऱ्यात तशी जमीन नव्हतीच. टेकड्या, दलदल आणि दाट जंगल. सपाट होती ती फक्त नदी. आणि नदीवर चालायचं तर ती गोठायला हवी. म्हणून मोजणीतलं हे कळीचं काम सगळ्यात शेवटी राहिलं. सप्टेंबरपर्यंत कोन मोजून झाले. शरदात किट्टिसवाराला आणि मग तोर्निओला ताऱ्यांची निरीक्षणं झाली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा सगळं हातात होतं, एक लांबी सोडून. पृथ्वी संत्रं की लिंबू, याचं उत्तर बर्फ पडायची वाट बघत होतं.

दरम्यान आखातही गोठलं. जहाजाने परत जायची वाट आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. पॅरिसच्या माणसाला वाटावं, आपण अडकलो. तोर्निओच्या माणसाला मात्र हे उलटं दिसत होतं, आणि हे आपण मुद्दाम पाहायला हवं. उत्तरेकडे उन्हाळ्यात रस्ते नसतात, चिखल असतो. हिवाळ्यात नद्या, तळी, दलदली, सगळं एकसंध कडक होतं आणि सगळीकडे रस्ता होतो. तोर्निओचे व्यापारी सामी लोकांशी व्यापार करायला आत लॅपलंडात जात, ते हिवाळ्यात, घसरगाड्यांवरून. स्वीडिश लॅपलंडातल्या योक्मोकची जत्रा १६०५ पासून भरते आहे, तीही ऐन फेब्रुवारीत. तिकडे दक्षिणेला स्टॉकहोम आणि तुर्कू यांच्यामधली टपाल-वाट १६३८ पासून ऑलांडच्या समुद्रावरून जात होती, आणि हिवाळ्यात तिथले शेतकरी बर्फावरून होड्या ओढत टपाल नेत. १६५८ साली तर स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव अख्खं सैन्य घेऊन गोठलेल्या समुद्रावरून डेन्मार्कच्या बेटांवर उतरला आणि डॅनिश राजाला तह करायला लावला. म्हणजे बर्फ हा अडथळा नसून जमीनच आहे, हे या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मोपर्त्युईंच्या मोजणीने याच माहितीचा फायदा घेतला.

२१ डिसेंबर १७३६. वर्षातला सगळ्यात लहान दिवस. नदीच्या वरच्या अंगाला, आवासाक्सा टेकडीच्या आसपास, बर्फावर मोजणी सुरू झाली. फर झाडाच्या लाकडाच्या आठ काठ्या तयार केल्या होत्या. प्रत्येक काठी ५ त्वाज लांब. त्वाज हे तेव्हाचं फ्रेंच माप, आपल्या दोन मीटरला थोडं कमी. म्हणजे काठी झाली जवळजवळ १० मीटरची. थंडीने लोखंड आकसतं, तसं लाकूड आकसेल का, ही शंका होतीच. तपासून पाहिलं तेव्हा फरच्या लाकडात फरक नगण्य निघाला. मंडळींनी दोन गट केले, प्रत्येकाकडे चार काठ्या. दोघांनी तीच रेषा स्वतंत्रपणे मोजायची. म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या मापाने उघडी पडेल.

बर्फाच्या थरावर भुसभुशीत हिम, दोन फूट खोल. मोपर्त्युईंच्या वर्णनाप्रमाणे ते वाळूसारखं कोरडं होतं, पाय आत जायचा. सूर्य दुपारच्या सुमारास क्षितिजाला जेमतेम शिवून जायचा. पण लांबलेला संधिप्रकाश, हिमाची पांढरी चमक आणि आकाशातला ध्रुवीय प्रकाश, एवढ्यावर रोज चार-पाच तास काम करता येत होतं. प्यायला बरोबर घेतलेल्या सगळ्या पेयांत ब्रँडी तेवढी पातळ राहिली. पण ती प्यायला चांदीचा पेला ओठाला लावला, की ओठ पेल्याला चिकटे आणि सोडवताना रक्त येई. तिथल्या रहिवाशांत कुणाचा हात, कुणाचा पाय या थंडीने गेलेला, हेही मोपर्त्युईंनी लिहून ठेवलं आहे. ही थंडी केवळ पाहुण्यांच्या वाट्याची नव्हती, हे त्यातून कळतं.

शेवटी रेषा भरली ७,४०६ त्वाज आणि ५ फूट. म्हणजे साधारण साडेचौदा किलोमीटर. आणि दोन गटांच्या मापांत फरक किती? चार इंच. साडेचौदा किलोमीटरला चार इंच! आम्ही ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा आकडा पुन्हा तपासून पाहिला होता.

मग मंडळी तोर्निओला परतली आणि हिशेबाला बसली. आधाररेषा मिळताच त्रिकोणांना माप मिळालं, आणि उत्तर निघालं. आर्क्टिक वृत्तापाशी एक अंश ५७,४३७ त्वाजांचा. पॅरिसजवळ पिकार्डने १६६९-७० मध्ये मोजलेला अंश सुमारे ५७,०६० त्वाजांचा. उत्तरेकडचा अंश लांब. म्हणजे पृथ्वी संत्रंच. न्यूटन बरोबर.

उत्तर हातात होतं, पण ते घेऊन जायला समुद्र उघडा नव्हता. जानेवारीत थंडी आणखी वाढली. रेओमुरच्या मापपट्टीवर पारा शून्याखाली ३७ पर्यंत गेला आणि मद्यार्काचे तापमापक चक्क गोठले. ऊबदार खोलीचं दार उघडलं, की बाहेरची हवा आत शिरताच खोलीतल्या वाफेचं हिम व्हायचं आणि ते पांढरं भोवऱ्यासारखं फिरायचं. गल्ल्या ओस. घरं हिमात गाडलेली. आणि आकाशात मात्र रोज रात्री हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे. मोपर्त्युईंच्या अहवालात गणिताइतकीच या आकाशाची वर्णनं मन लावून लिहिलेली आहेत.

पाहुणे उतरले होते ते गावातल्या व्यापाऱ्यांच्या घरी. सेल्सिअस स्वीडिश बोलत. पण खोऱ्यातली बरीच माणसं फिनिश बोलणारी. तिथे आंडर्स हेलांट नावाच्या एकोणीस वर्षांच्या स्थानिक विद्यार्थ्याने दुभाष्याचं काम केलं. या हेलांटने पुढे अनेक वर्षं तोर्निओच्या हवामानाच्या नोंदी ठेवल्या. मोहिमेतून गावाला काही मिळालं असेल, तर त्यातलं हे एक. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. फ्रेंच मंडळी परतल्यावर तोर्निओच्या दोन बहिणी त्यांच्यामागे पॅरिसला जाऊन पोचल्या. पॅरिसमध्ये त्याची मोठी चर्चा झाली, थोडी कुचाळकीही. कुणाच्या घरी हिवाळा काढणं म्हणजे त्या घराच्या आयुष्यात शिरणं असतं, आणि ते मोजणीच्या वहीत कुठे लिहिलं जात नाही.

जून १७३७ मध्ये समुद्र मोकळा झाला. परतीच्या वाटेवर बोथनियाच्या आखातात जहाज फुटलं, पण माणसं आणि नोंदी वाचल्या. १३ नोव्हेंबर १७३७ ला मोपर्त्युईंनी अकादमीच्या जाहीर सभेत आपला अहवाल वाचला. कासिनींच्या बाजूने लगेच आक्षेप आले, की यंत्र नीट उलटसुलट करून तपासलं नाही. सेल्सिअस यांनी कासिनींच्या जुन्या मोजणीवरच उलट टीका छापली. शेवटी १७४० साली फ्रान्समधली मोजणी पुन्हा करण्यात आली, तीही कासिनींच्याच मुलाच्या देखरेखीखाली, आणि तिनेही न्यूटनचीच बाजू घेतली. पेरूची तुकडी उशिरा परतली. तिथला अंश पॅरिसपेक्षा आखूड निघाला, आणि वाद मिटला.

मोपर्त्युईंनी मग आपलं चित्र काढून घेतलं. अंगावर सामी पद्धतीचा पोशाख, डोक्यावर फरची टोपी, आणि एक हात पृथ्वीच्या गोलावर असा, की जणू ती दाबून चपटी करताहेत. या चित्राची छापील प्रत १७४१ ची. पुढे मोपर्त्युई बर्लिनच्या अकादमीचे अध्यक्ष झाले. चित्र मजेशीर आहे, पण नीट पाहिलं तर त्यात एक खोच दिसते. पोशाख तिथला, चेहरा पॅरिसचा. ज्यांनी काठ्या वाहिल्या, घोडे आणि रेनडिअर हाकले, हिमातून वाट काढून दिली, त्यांच्यापैकी कुणीही त्या चित्रात नाही.

आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. १८०१ ते १८०३ या काळात स्वीडनच्या स्वानबेरी या शास्त्रज्ञाने हीच मोजणी पुन्हा केली. त्याचा अंश आला सुमारे ५७,१९६ त्वाज. म्हणजे मोपर्त्युईंचा आकडा दोनशेहून जास्त त्वाजांनी फुगलेला होता. पृथ्वी चपटी, हा निष्कर्ष खरा. पण किती चपटी, याचं उत्तर चुकलेलं. चूक आली कुठून? पुढच्या अभ्यासकांचा संशय गेला मुख्यतः ताऱ्यांच्या निरीक्षणावर. म्हणजे ज्या कामासाठी युरोपातला उत्तम कारागीर आणि उत्तम यंत्र मिळवलं होतं, त्यावर. गोठलेल्या नदीवर, अर्ध्या उजेडात, लाकडी काठ्यांनी केलेल्या कामावर नव्हे. निष्कर्ष बरोबर आला म्हणून मोजणी बरोबर ठरत नाही, आणि मोजणीत चूक सापडली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. इतिहास वाचताना ही दोन्ही वाक्यं एकत्र बाळगावी लागतात.

या गोष्टीचं एक टोक आपल्या महाराष्ट्रातही आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारतातली मोठी मोजणी सुरू केली. तत्त्व तेच, एक रेषा आणि त्रिकोणांची साखळी. फरक हवेचा. तोर्नेवर काळजी होती थंडीने माप आकसेल याची, इथे उन्हाने पोलादी साखळी लांबेल याची. म्हणून साखळीवर सावली धरावी लागे आणि शेजारी तापमापक ठेवावे लागत. लॅम्बटन यांनी आपल्या मापांची तुलना फ्रेंच, इंग्रज आणि स्वीडिश मापांशी करूनच पृथ्वीचा चपटेपणा काढला. मोजणी उत्तरेकडे नेता नेता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. हिंगणघाटची कबर आणि तोर्निओचा कळस, दोन्ही एकाच प्रश्नाच्या वाटेवरची ठिकाणं आहेत.

तोर्निओच्या परिसरात पुढे आणखी एक मोजणी झाली. १८१६ ते १८५५ या काळात स्ट्रूव्ह यांच्या नेतृत्वाखाली उत्तर नॉर्वेपासून काळ्या समुद्राजवळपर्यंत त्रिकोणांची साखळी घालण्यात आली. २००५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं. तोर्निओजवळचं आलातोर्निओचं चर्च आणि ती आवासाक्सा टेकडी, दोन्ही त्या यादीत आहेत.

तुमच्यापैकी कुणी हिवाळ्यात त्या बाजूला गेलात, तर हे करून पाहा. दुपारी, तो दोन-तीन तासांचा उजेड असताना, स्थानिक माणसाला विचारून, नदीचा बर्फ जिथे पक्का असेल तिथे उतरा. पायाखाली नदी आहे हे कळणारही नाही, इतकं सपाट असतं. त्या सपाटीवर मग दहा मीटरची काठी आडवी ठेवल्याची कल्पना करा. तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी. अशा जवळजवळ दीड हजार काठ्या. अठराव्या शतकात पृथ्वीचा आकार असा, गुडघाभर हिमात वाकून, ठरवला गेला. आणि ते जमलं, कारण त्या वर्षी तोर्ने नदी नेहमीसारखी गोठली, आणि तिच्यावरून चालायचं कसं हे माहीत असलेली माणसं सोबत होती.

पुढच्या वेळी आपण दुसऱ्या तुकडीबरोबर पेरूला जाऊ. तिथे थंडी डोंगरावरची आहे आणि भांडणं आपापसांतली. तोपर्यंत प्रश्न असतील तर जरूर कळवा.